चित्रातला पैसा आणि चित्रातला मान

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली गावातल्या सगळ्या जोड्या उभ्या असतात. एखाद्याच्या बैलांवर नवीकोरी झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. बघणारे म्हणतात, यंदा याला सोयाबीन पावलेलं दिसतं. पोळा फुटला की मात्र तोरणाखालून आधी जाते मानाची जोडी, म्हणजे पाटलाची. पाटलाकडे आता चार एकर उरलेले, झूलही जुनीच. "पैसेवाला झाला त काय झालं, पहिले मानाचीच जोडी," असं कोणीतरी म्हणतंच.

गावात राहणाऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. पण तोच माणूस जुन्या चित्रासमोर किंवा मूर्तीसमोर उभा राहिला की गडबडतो. मुकुट, माळा, रेशीम दिसलं की "कोणीतरी श्रीमंत आहे" म्हणून पुढे सरकतो. शाळेत मुलांना राजदरबार काढायला सांगा. राजाच्या गळ्यातल्या माळा वाढत जातात, पण राजा आणि चवरीवाला एकाच उंचीचे, एकाच रेषेत उभे. पोरांनी पैसा काढलेला असतो, मान राहून गेलेला असतो.

पैसा म्हणजे माणसाजवळ काय आहे, आणि मान म्हणजे इतरांनी त्याला कुठे बसवलं आहे. म्हणून चित्रकार पैसा दाखवतो वस्तूंमधून: कापड, दागिना, जमीन, घोडा. मान दाखवतो माणसांमधल्या अंतरातून: कोण मोठा काढला, कोण मध्ये, कोण बसलेला, कोण उभा, कोण कोणाकडे बघतो. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. तळहाताने चित्रातल्या वस्तू झाका. माणूस तरी मोठाच वाटला तर तो मान. मग वस्तू उघड्या ठेवून आजूबाजूची माणसं झाका. तरी माणूस भारी वाटला तर तो पैसा. बहुतेक चित्रांत दोन्ही असतात, पण कशावर चित्र उभं आहे ते या युक्तीने कळतं.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, वाड्यांमध्ये किंवा वऱ्हाडातल्या देशमुखांच्या ओसरीत अजून लाकडी चौकटीतले फोटो सापडतात. मालगुजारी १९५१ साली गेली, फोटो राहिले. असाच एक फोटो मी जवळून बघितला आहे. मधोमध कोरीव हातांच्या खुर्चीवर मालक, अंगात बंद गळ्याचा कोट, खिशातून घड्याळाची साखळी बाहेर आलेली, मुद्दाम दिसेल अशी. धाकटा भाऊ शेजारी, पण त्याच्या खुर्चीला हात नाहीत. मुलं मागे उभी. दिवाणजी बाजूला, बगलेत वही. दोघे जण जमिनीवर मांडी घालून, त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नाही. डाव्या टोकाला घोड्याचा लगाम धरलेला एक माणूस आहे आणि चौकटीने त्याला अर्धा कापला आहे. फोटोवाल्याला जागा कमी पडली म्हणावं, तर उजव्या टोकाला तुळशीची कुंडी पूर्ण आली आहे. बाई एकही नाही.

यातली साखळी म्हणजे पैसा. ती उसनीही असू शकते. तालुक्याच्या स्टुडिओत कोट आणि घड्याळ फोटोपुरतं मिळत असे, आणि त्या कोटात आपल्याकडच्या कितीतरी आजोबांचे फोटो निघाले आहेत. पण बिनहाताची खुर्ची, जमिनीवरची मांडी आणि अर्धा कापलेला माणूस, हे उसनं मिळत नाही. या फोटोत सगळ्यात जास्त सांगतो तो मला अर्धा माणूसच वाटतो.

हे नुसतं आपल्याकडचं नाही आणि आजचंही नाही. अजिंठ्याचं उदाहरण आपल्याला जवळचं, कारण तिथलं १६ क्रमांकाचं लेणं ज्या वराहदेवाने कोरवून घेतलं तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. पाचव्या शतकातल्या या चित्रांत दागिन्यांना तोटा नाही, इतका की चवरी ढाळणाऱ्या दासींच्या गळ्यातही मोत्यांचे सर दिसतात. मग राजा कोणता? जो मध्ये आहे, ज्याच्याकडे बाकीच्यांची तोंडं वळली आहेत तो. पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी बघा: मुकुट आहे, पण त्याचं मोठेपण मुकुटात नाही. भोवतीची सगळी माणसं त्याच्यापुढे लहान काढली आहेत, म्हणून तो मोठा.

मोगल दरबारातल्या बिचित्राने सुमारे १६१५ ते १६१८ च्या दरम्यान काढलेलं एक चित्र आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. जहांगीर वाळूच्या घड्याळाच्या आकाराच्या आसनावर बसला आहे, डोक्यामागे सूर्य-चंद्राचं प्रचंड तेजोवलय. समोर डावीकडे चार जण एकाखाली एक. सगळ्यात वर, बादशहाच्या हातून ग्रंथ घेणारा, साध्या कपड्यांतला पांढऱ्या दाढीचा सूफी शेख. त्याच्या खाली तुर्कस्तानचा सुलतान. त्याच्याही खाली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स, जडजवाहिरासकट. तळाला चित्रकार स्वतः. सगळी किंमत खालच्या राजांच्या अंगावर आहे आणि वरची जागा फकिराला दिली आहे. अर्थात यातून फकिरापेक्षा बादशहाचंच मोठेपण जास्त निघतं: राजांना खाली ठेवून मी संताला जवळ करतो, असं तो सांगतो. शेखही ग्रंथ उघड्या हातांनी घेत नाही, उपरण्यावर झेलतो. तेवढं अंतर चित्रकाराने विसरू दिलं नाही.

युरोपात व्यापाऱ्यांच्या हाती पैसा आला आणि चित्रं वस्तूंनी भरली. कधी तर पैसा रंगातच असे. फ्लॉरेन्समध्ये १४८५ साली गिरलांदायो या चित्रकाराशी झालेल्या एका करारात निळा रंग किती किमतीचा वापरायचा तेही लिहून घेतलं आहे, कारण तो अफगाणिस्तानातल्या दगडापासून बने. ते असो. शेतकऱ्याने बघावं असं चित्र आहे इंग्रज चित्रकार गेन्सबरोने १७५० च्या सुमाराला काढलेलं अँड्र्यूज नवराबायकोचं. जोडपं एका कडेला, झाडाखाली. बाई बाकावर, निळा झगा पसरून. नवरा शेजारी, बगलेत बंदूक, पायाशी कुत्रा. बाकीचा निम्म्याहून जास्त पट म्हणजे नुसतं शेत. कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या बांधून उभ्या केल्या आहेत आणि धसकटं सरळ ओळींत आहेत. ओळी सरळ, म्हणजे मूठभर दाणे फेकून पेरलेलं नाही, यंत्राने पेरलं आहे. आपल्याकडे तिफणीची ओळ सरळ असण्याचं कोणाला अप्रूप वाटणार नाही, पण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये ती सुधारलेल्या, पैसेवाल्या शेतीची खूण होती.

आता त्या शेतात माणूस शोधा. कापणी झाली, पेंढ्या बांधल्या गेल्या, आणि एकही मजूर नाही. आपल्याकडच्या कोणत्याही बाईला ते चित्र दाखवलं तर ती आधी विचारील, "हे कोणं सोंगलं?" वर दिलेली युक्ती इथे लावा. माणसं झाकायची गरजच नाही, चित्रकाराने आधीच झाकली आहेत. उरतो तो निव्वळ पैसा: माझी जमीन, माझं पीक, माझी बायको.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १८५७ साली, फ्रान्समध्ये मिले या चित्रकाराने तीच कापणी दुसऱ्या टोकाने काढली. मागे दूर गव्हाच्या गंजी, गाडी, घोड्यावर बसलेला मुकादम, सगळं बारीक, धुरकट. पुढे तीन बाया सरवा वेचताहेत. सरवा म्हणजे काय ते विदर्भात सांगायला नको. मालकाचं उचलून झालं की मागे पडलेलं कणीस गरिबाचं. दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धी ताठ होताना, एकीचा हात पाठीवर. अंगावर किमतीचं काही नाही. पैशाच्या हिशेबाने या चित्रात त्या बायांकडे शून्य आहे, पण पट त्यांचा आहे. पुतळ्यासारख्या भरीव, सगळ्यांच्या पुढे. पॅरिसमधल्या प्रतिष्ठित मंडळींना हे खटकलं. गरीब बाया चित्रात येण्याला त्यांची हरकत नव्हती. शोभेपुरत्या, कोपऱ्यात, दूध काढताना वगैरे त्या पूर्वीही येत. पण मुकादम बारीक आणि मजूर मोठा, ही मांडणी त्यांना धोक्याची वाटली.

त्याच काळातला फ्रेंच चित्रकार कूर्बे तर थेट मापावर गेला. आपल्या ओर्नां गावातली एक मयत त्याने १८४९-५० मध्ये तीन मीटरहून उंच आणि साडेसहा मीटरहून रुंद कापडावर काढली. एवढं कापड तोवर राजे, लढाया आणि देवादिकांसाठी राखलेलं. गावच्या साध्या माणसांना ते दिल्यावर ओरड झाली, आणि ती कापडाच्या खर्चावरून नव्हती.

पैसा असूनही मान कसा अडतो, हे चित्रकारांच्याच आयुष्यात दिसतं. स्पेनच्या राजाचा चित्रकार व्हेलास्केस याने १६५६ साली राजकन्या आणि तिच्या सख्यांचं प्रसिद्ध चित्र काढलं, त्यात स्वतःलाही उभं केलं. दरबारात त्याला पद होतं, पगार होता. पण सांतियागो या सरदारी मंडळात शिरायचं तर हाताने काम करून पोट भरणारा चालत नसे. चौकशी बसली, साक्षीदार आले, त्यांनी सांगितलं की हा चित्रं विकत नाही, राजाच्या आवडीखातर काढतो. तरी कुळाचा पुरावा कमी पडला आणि पोपची सूट आणावी लागली. १६५९ साली तो मंडळात आला, पुढच्या वर्षी वारला. चित्रात त्याच्या छातीवर त्या मंडळाचा लाल क्रूस आहे. चित्र आधीचं, मान नंतरचा, तेव्हा तो क्रूस मागून रंगवला गेला हे उघड आहे. त्या एका खुणेसाठी एवढा खटाटोप.

विदर्भातल्या घरांच्या भिंतींवर मात्र उलट गंमत दिसते. गाडगेबाबा: अंगावर चिंध्या, हातात खराटा. तुकडोजी महाराज: हातात खंजिरी. शेजारी गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसलेले गांधी. तो वेष त्यांनी १९२१ साली मदुराईत घेतला आणि १९३६ पासून वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला तोच. वस्तू झाकायला गेलं तर झाकायलाच काही नाही. अमरावतीचं विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाचं आणि नागपूरचं तुकडोजी महाराजांच्या, म्हणजे मान किती ते वेगळं सांगायला नको. त्यागाने मिळणारा हा मान आपल्याला इतका परिचयाचा आहे की साधा कपडा म्हणजे मोठा माणूस आणि कोट म्हणजे पैशाचा दिखावा, असा एक ठोकळा डोक्यात बसतो.

तो ठोकळा गावातल्या निळ्या कोटाच्या पुतळ्यासमोर चुकतो. बाबासाहेबांचा पुतळा विदर्भात कुठल्या गावात नाही? कोट, टाय, खिशाला पेन, हातात ग्रंथ, उचललेलं बोट. "गांधी गरिबासारखे राहिले, हे साहेबासारखे," असं बोलणारे अजून भेटतात. त्यांनी पैसा आणि मान यांची गल्लत केलेली असते. जो उंबऱ्याच्या आत जन्मला त्याने कोट उतरवला तर त्याचा मान वाढतो. ज्याला चांगलं नेसायचीच मनाई होती त्याने फाटकं नेसलं, तर गावाने ठरवून दिलेलंच नेसलं असं होतं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं की लुगडं नेसण्याची पद्धत बदला, हातापायांतले ते जड दागिने टाका, कारण त्यावरून जात लांबून ओळखू येते. दागिना अंगावर असून मान खाली नेतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

म्हणजे माझी झाकायची युक्ती इथे अडते. कोट ही वस्तू आहे, तिथे पुतळ्याशेजारी दुसरं माणूसही नाही, आणि तरी कोट पैसा सांगत नाही. कारण या पुतळ्याची बाकीची माणसं दगडात घडवलेलीच नाहीत. ती चौकात आहेत: पारावर बसलेली, एसटीची वाट बघणारी, वस्तीतून येणारी. चौथरा त्यांच्या डोक्यांहून उंच असतो. त्यासाठी वर्गणी काढतात शेतमजूर, कापूस वेचणाऱ्या बाया, आणि पुतळा आकाराने लहान असला तरी चालतो. वाद होतो तो जागेवरून: वस्तीच्या तोंडाशी बसवायचा, की गावच्या मुख्य चौकात.