गोव्यातील दैनंदिन शुभकाल

सूर्योदय ते सूर्यास्त या दिनमानाचे ठरावीक भाग पाडून शुभ आणि वर्ज्य वेळा काढण्याची पंचांगातील पद्धत. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण यांवरून दिवस कसा आहे ते कळते. त्या दिवसातली कोणती वेळ धरायची हे बरेचसे दिनमानावर ठरते. त्यामुळे या वेळा गावागणिक आणि ऋतूगणिक सरकतात.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, तर पणजी ७३.८ अंशांवर. म्हणून गोव्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. नोव्हेंबरच्या आरंभी १२.१८ला, फेब्रुवारीच्या मध्यास १२.४९ला. दिनमानाच्या पंधरा मुहूर्तांपैकी आठवा तो अभिजित, शुभ मानलेला. तो या माध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरतो, तेव्हा घड्याळात बाराचे ठोके पडतात त्या वेळी गोव्यात बहुतेक महिने अभिजित लागलेलाच नसतो. मुहूर्त ४८ मिनिटांचा म्हणतात, पण ते दिवस-रात्र समान असतानाच. गोव्यात तो डिसेंबरात ४५, तर जूनमध्ये ५२ मिनिटांचा भरतो. बुधवारी अभिजित घेत नाहीत. हाच आठवा मुहूर्त श्राद्धकर्मात कुतुप म्हणून महत्त्वाचा.

राहूकाळ ही वर्ज्य वेळ, दिनमानाच्या आठ समान भागांपैकी एक: सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. ‘सोमवारी साडेसात ते नऊ’ हे सर्रास छापले जाणारे कोष्टक सहाला सूर्योदय आणि सहाला सूर्यास्त धरून केलेले आहे. जानेवारीअखेर पणजीत सूर्य सातनंतर उगवतो आणि सोमवारचा राहूकाळ साडेआठच्या सुमारास लागून दहाच्या जरा आधी संपतो. कोष्टक पाहून आठला थांबलेला माणूस सव्वानऊला नेमका राहूकाळातच बाहेर पडतो. पाळायचे तर स्थानिक सूर्योदयावरूनच पाळावे. ही रूढी दक्षिणेत अधिक कडक आहे. दिवसाचे आठच भाग करणारी चौघडी पश्चिम भारतात रुळलेली. तिच्यात अमृत, शुभ, लाभ आणि चर ग्राह्य, तर उद्वेग, काळ आणि रोग वर्ज्य.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मात्र दिनमानाचे पाच भाग मोजतात: प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्न, सायाह्न. माटोळीखाली, म्हणजे वर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीखाली, गणपतीची पूजा व्हायची ती मध्याह्नात. चवथ सप्टेंबरच्या सुरुवातीला आली तर गोव्यात हा काळ साधारण ११.२० ते १.५० असा येतो. पुष्कळ घरी पूजा सांगणारे भटजी एकच असतात, त्यामुळे हा अडीच तासांचा अवकाश फार मोलाचा.

लग्न किंवा नव्या घराचे काम काढताना गोव्यातली कितीतरी कुटुंबे मुहूर्ताच्याही आधी देवळात प्रसाद घेतात. मूर्तीला पाकळ्या लावून देवाला विचारणे होते, आणि उजवा कौल मिळाला की मग पंचांग उघडले जाते.