अवयव पाडण्याची पद्धत एवढी उशिरा का आली?

वर्गसमीकरण (ज्यात क्ष² येतो ते) सोडवताना शाळेत सर्वांत आधी अवयव पद्धत शिकवतात: सगळी पदे एका बाजूला आणून दोन कंसांचा गुणाकार = ० असे लिहायचे, म्हणजे एक तरी कंस शून्य असलाच पाहिजे. मग पूर्ण वर्ग, शेवटी सूत्र. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. पूर्ण वर्गाची युक्ती सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मातीच्या पाट्यांवर सापडते. अवयव सतराव्या शतकात आले.

बाबिलोनी पाटीवरचे एक उदाहरण असे: चौरसाचे क्षेत्रफळ आणि बाजू मिळून ३/४. लेखनिक बाजूच्या सहगुणकाचे, म्हणजे १ चे, अर्धे करतो, त्याचा वर्ग १/४ त्या ३/४ मध्ये मिळवतो, बेरीज १ होते, तिच्या वर्गमुळातून अर्धा वजा करतो. बाजू १/२. आपण तेच (२क्ष − १)(२क्ष + ३) = ० असे लिहू आणि −३/२ हे दुसरे मूळ, म्हणजे उत्तरही हाती येईल. त्याला ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ऋण संख्याच नव्हत्या. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने समीकरणांचे सहा वेगवेगळे प्रकार केले तेही याच अडचणीपायी: प्रत्येक पद धन हवे, मग सगळी पदे एका बाजूला आणून पलीकडे शून्य ठेवणार कसे?

भारतात ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्य आणि ऋण संख्यांचे नियम दिले होते. म्हणजे साहित्य तयार होते. तरी बाराव्या शतकात भास्कराचार्य वर्गसमीकरणे सोडवतात ती श्रीधराचार्यांच्या रीतीने: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि वर्ग पूर्ण करा. त्यांचे माकडांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली, एक फांदीवर दिसले, एकूण किती? समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ०. बेरीज ५५, गुणाकार २५०: आजचा विद्यार्थी ५० आणि ५ चटकन सांगेल. भास्कराचार्यांनाही दोन्ही उत्तरे मिळाली, पण ५ त्यांनी सोडले. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले तर ऋण उरते, आणि अशी संख्या लोकांना पटत नाही, हे त्यांचे कारण. मला हे कारण फार प्रामाणिक वाटते.

इंग्लंडच्या थॉमस हॅरियटने अवयवांचा गुणाकार करून समीकरणे घडवून दाखवली. त्याचा ग्रंथ मृत्यूनंतर, १६३१ मध्ये छापला गेला. १६३७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ देकार्तने क्ष − २ = ० आणि क्ष − ३ = ० यांचा गुणाकार करून क्ष² − ५क्ष + ६ = ० मिळवले. हो, पाठ्यपुस्तकांत अजून भेटते तेच. ऋण मुळांना मात्र तोही ‘खोटी’ मुळे म्हणत होता.

गंमत म्हणजे हॅरियट आणि देकार्त यांपैकी कुणालाही वर्गसमीकरणाची सोपी रीत शोधायची नव्हती; ते काम कधीच झाले होते. त्यांना तिसऱ्या-चौथ्या घाताच्या समीकरणांची जडणघडण समजून घ्यायची होती. एक मूळ सापडले की त्या अवयवाने भागायचे, घात एकाने उतरतो. वर्गसमीकरण हे त्यातले फक्त पहिले, सोपे उदाहरण होते.