रिमास्टर की रिमेक? बोटांना विचारा

दिवाळीत पुण्या-मुंबईहून घरी नाशिकला येणाऱ्या दोस्तांच्या बॅगेत आता स्विच नाहीतर स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा कन्सोल, असतोच, आणि गंगापूर रोडला चहा घेताना गप्पा हमखास एकाच प्रश्नावर येतात, की जुना टूम्ब रेडर परत आलाय तो रिमास्टर आहे का रिमेक, आणि दोन्हीत फरक काय. बहुतेक जण सांगतात की ग्राफिक्स थोडे सुधारले तर रिमास्टर, खूप सुधारले तर रिमेक. हे साफ चुकीचं आहे आणि याच्यामुळे लोक नको तो गेम विकत घेऊन बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रिमास्टरमध्ये आत जुनाच गेम चालत असतो. उडी किती लांब जाते, शत्रू कधी वळतो, कुठलं दार कशाने उघडतं हे ठरवणारा कोड मूळचाच असतो, फक्त नवीन मशीनवर चालेल असा करून घेतलेला, आणि वरचे टेक्स्चर, मॉडेल, लायटिंग, रिझोल्यूशन बदलतात. रिमेकमध्ये तो कोड बाजूला ठेवून गेम पायापासून परत बांधतात. गोष्ट तीच, जागा त्याच, पण खेळाचे नियम नव्याने लिहिलेले. आता कोड काय आपल्याला दिसत नाही, म्हणून माझी परीक्षा बोटांची आहे. जुना गेम तुम्ही भरपूर खेळलेला असेल तर पहिली पाच मिनिटं डोक्याने विचार न करता खेळा, बोटांना आपोआप सगळं जमलं तर तो रिमास्टर, आणि डोळ्यांना जागा ओळखीची वाटतेय पण बोटं अडखळतायत तर तो रिमेक.

टूम्ब रेडरवर हे सगळ्यात छान कळतं कारण त्या एकाच गेमचं दोन्ही झालंय. मूळ गेम १९९६ चा, इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइनचा. २००७ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्सने त्याचा रिमेक काढला, टूम्ब रेडर ॲनिव्हर्सरी, तो सोनीच्या हातात धरायच्या पीएसपीवरसुद्धा आला होता. आणि १४ फेब्रुवारी २०२४ ला ॲस्पायरने पहिल्या तीन भागांचा एकत्र रिमास्टर आणला, जो स्विचवर मिळतो.

आता मूळ गेमची गंमत अशी की त्यातलं सगळं जग एकसारख्या चौकोनी ठोकळ्यांचं बनलेलं आहे आणि गेमची नायिका लारा हिची प्रत्येक उडी त्या ठोकळ्यांच्या हिशोबाने ठरलेली आहे. जागेवरून उडी मारली की एका ठोकळ्याएवढी फट पार होते, पळत येऊन मारली की दोन, आणि पुढची कड हाताने पकडली तर तीन. म्हणून जुना खेळणारा काय करतो, चालत चालत बरोब्बर कडेपर्यंत येतो, एक छोटी उडी मागे मारतो, मग पळत सुटतो आणि उडी, कारण मागच्या त्या उडीत धाव घ्यायला नेमकी पुरेल एवढी जागा मिळते. ही सवय ज्याच्या हाताला एकदा लागली त्याची ती जात नाही. २०२४ च्या रिमास्टरमध्ये हे जसंच्या तसं चालतं, आणि एका बटणावर जुने ग्राफिक्स नवे ग्राफिक्स असं बदलता येतं, म्हणजे खेळता खेळता बटण दाबलं की तीच भिंत, तोच दगड, तीच लारा १९९६ च्या रूपात दिसते आणि उडीत एका केसाचाही फरक पडत नाही. रिमास्टर म्हणजे काय हे कुणाला समजावायचं असेल तर मी ते बटण दाबून दाखवतो, याच्याइतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

ॲनिव्हर्सरीमध्ये तो ठोकळ्यांचा हिशोबच नाही. लारा कंट्रोलरची काठी (स्टिक) वळेल त्या दिशेने मोकळी पळते, कड थोडी इकडेतिकडे असली तरी पकडते, वर हुक लावून भिंतीवरून धावायची सोय आहे जी मूळ गेममध्ये नव्हती. हरवलेल्या दरीच्या (लॉस्ट व्हॅली) स्टेजमधला टी-रेक्स डायनासोर आठवतोय ना, मूळ गेममध्ये तो अचानक अंगावर येतो आणि तुम्ही मागे उड्या मारत गोळ्या घालत राहता, बस. रिमेकमध्ये तो पूर्ण बॉस फाइट झालाय, त्याला चिडवायचं, अंगावर येऊ द्यायचं, शेवटच्या क्षणी बाजूला व्हायचं आणि तो खिळ्यांवर जाऊन आदळतो. दोन्ही मला आवडतात, पण ते दोन वेगळे गेम आहेत, आणि ज्याला शाळेतल्या सुट्टीतला तो पीसीवरचा गेम परत हवाय त्याला ॲनिव्हर्सरी देऊन उपयोग नाही.

रिमास्टरमध्ये मॉडर्न कंट्रोल पण दिलेत, काठी ज्या दिशेला त्या दिशेला लारा जाते. ऐकायला बरं वाटतं पण माझं स्पष्ट मत आहे की जुनेच टँक कंट्रोल ठेवा, म्हणजे डावं-उजवं दाबलं की ती जागेवर वळते आणि वर दाबलं की पुढे जाते. त्या स्टेजेस त्या हिशोबानेच बांधल्यात, मॉडर्न कंट्रोलवर तो कडेचा अंदाज तितका नीट येत नाही.

आता खरा घोळ जिथे होतो ते दोन गेम घेऊ, दोन्ही स्विचवरचे.

मेट्रॉइड प्राइम, २००२ चा, निन्टेंडोच्या जुन्या गेमक्यूब कन्सोलवरचा गेम, रेट्रो स्टुडिओजचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या स्विचवरच्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली आणि डिजिटल कॉपी त्याच दिवशी विक्रीला आली. तो दिसतो इतका भारी की भलेभले त्याला रिमेक म्हणतात, मॉडेल नवीन, टेक्स्चर नवीन, प्रकाश नवीन. पण टॅलन फोर या गेममधल्या ग्रहावरचे रस्ते, दारं, शत्रूंच्या जागा, स्कॅन करायच्या गोष्टी सगळं जागच्या जागी आहे, आणि सेटिंगमध्ये जाऊन जुन्या पद्धतीचे कंट्रोल लावले की गेमक्यूबवर खेळलेल्या माणसाचे हात लगेच कामाला लागतात. डोळे म्हणतात नवीन, बोटं म्हणतात जुना. रिमास्टर.

याच्या बरोब्बर उलटं झेल्डा मालिकेतल्या लिंक्स अवेकनिंगचं. मूळ १९९३ चा गेम बॉयवरचा, १६० बाय १४४ पिक्सेलची स्क्रीन, आणि २०१९ मध्ये ग्रेझो कंपनीने स्विचवर केलेला रिमेक. नकाशा इतका प्रामाणिकपणे जुन्यासारखा ठेवलाय की कोहोलिंट बेटावर कुठली गुहा कुठे आहे ते जुन्या माणसाला न बघता सांगता येतं, म्हणून लोक त्याला रिमास्टर समजतात. पण हातात घेऊन बघा. गेम बॉयला ए आणि बी अशी दोनच बटणं होती, त्यामुळे तलवारसुद्धा एका बटणावर लावावी लागायची, ढाल हवी तर काहीतरी काढा, उडी मारायला लागणारं पिसू नव्हे, पक्ष्याचं पीस हवं तर परत मेनू, आणि जड वस्तू उचलायचं ब्रेसलेट न लावता जड दगडाला नुसता धक्का लागला तरी तोच मेसेज परत परत यायचा. रिमेकमध्ये तलवारीला आणि ढालीला स्वतंत्र बटणं आहेत, ब्रेसलेट आपोआप चालतं, बाहेर बेटावर फिरताना स्क्रीन एकेक चौकट न बदलता सलग सरकते. ती मेनूची कसरत संपल्यामुळे तोच गेम जास्त वेगाने पुढे जातो. इथे नवीन नियमांनी जुन्या गेमचं भलंच केलंय असं मला मनापासून वाटतं.

मधल्या जातीचे पण असतात. निन्टेंडोच्या थ्रीडीएसवरचा २०११ चा ओकारिना ऑफ टाइम, हाही झेल्डाच, दिसायला पूर्ण नवीन, पण आतून १९९८ चाच, अगदी जुने काही बग पण मुद्दाम ठेवलेले, तरी वॉटर टेंपल या स्टेजमधले लोखंडी बूट घालायला सारखा गेम थांबवावा लागायचा ते त्यांनी टचस्क्रीनवर देऊन टाकलं. मी त्याला रिमास्टरच म्हणेन, कुणी भांडलं तर ऐकून घेईन.

आणि मग जीटीए मालिकेतला व्हाईस सिटी. आपल्याकडे ज्यांचं लहानपण सायबर कॅफेत गेलं त्यांना हाच परत हवा असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो आणि आणखी दोन जुने जीटीए मिळून जी डेफिनिटिव्ह एडिशन आली तिच्यात मिशन जुनीच, पण दिसण्याचं काम नवीन इंजिनवर आणि कंट्रोल जीटीए फाइव्हच्या धाटणीचे, रिलीज झाला तेव्हा पाट्यांवरची अक्षरं चुकलेली, पाऊस असा की समोरचं दिसेना, आणि गेम काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीला त्याच महिन्यात जाहीर माफी मागावी लागली. नंतर बरंच दुरुस्त झालं, पण रेडिओवरची काही गाणी लायसन्समुळे नाहीतच, आणि व्हाईस सिटीत गाणं नसलं की गाडी चालवायची अर्धी मजा गेली.

हँडहेल्डवर घेताना अजून एक बघा. रिमास्टरमध्ये जुन्या टीव्हीसाठी केलेले मेनू आणि अक्षरं कधी कधी तशीच असतात, स्विचचं छोटं मॉडेल स्विच लाइट, त्याची स्क्रीन साडेपाच इंची, त्यावर वाचताना डोळे दुखतात, रिमेकमध्ये हा त्रास सहसा नसतो. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना साडेतीन-चार तास खेळणार असाल तर जुन्या मॉडेलच्या स्विचची बॅटरी गेमप्रमाणे अडीच ते साडेसहा तास आहे, हे धरून चार्जर घ्या, आणि डिजिटल कॉपी घरीच डाउनलोड करून ठेवा, कसारा घाटात नेटवर्क शोधत बसू नका.

ज्या धाकट्या भावंडांनी मूळ गेम कधी बघितलेच नाहीत त्यांच्या बोटांना आठवायला काहीच नाही, त्यांना सुरुवात लिंक्स अवेकनिंगने करून द्या. टूम्ब रेडर द्यायचा तर टँक कंट्रोलवर द्या आणि आधी लाराच्या घरातली ट्रेनिंग पूर्ण करायला लावा, कडेवर थांबून मागे उडी आणि मग धाव हे तिथे ती स्वतः बोलून शिकवते.