तिकीट यंत्रातली किल्ली कोणाच्या हाती?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ चे खांब उभे आहेत, नवी मुंबईत बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे, टीएमटी आणि एनएमएमटीच्या बस आहेतच. या सगळ्यांसाठी मिळून एकच कार्ड हवे, ही मागणी रास्त आहे. पण चर्चा होते ती कार्डाची. ते कार्ड खरे की बनावट हे ठरवणारी चिप स्टेशनच्या फाटकात किंवा कंडक्टरच्या मशीनमध्ये दडलेली असते, मोबाइलच्या सिमएवढी. तिला सॅम म्हणतात: सिक्युअर ॲक्सेस मोड्यूल.

यंत्राजवळ नुसते धरून चालणारे मायफेअर क्लासिक कार्ड १९९४ मध्ये आले. तशीच प्रवासाची कार्डे पुढे शहरोशहरी आली: १९९७ मध्ये हाँगकाँगचे ऑक्टोपस, २००३ मध्ये लंडनचे ऑयस्टर. बसमध्ये नेटवर्कचा भरवसा नसतो आणि गर्दीच्या वेळी फाटकापाशी कोणी थांबत नाही. त्यामुळे निकाल सर्व्हरला न विचारता तिथल्या तिथे लावावा लागतो, म्हणजे गुप्त किल्ली, कार्ड खरे की खोटे हे पडताळणारा गुप्त आकडा, मशीनपाशीच हवी. मशीन तर डेपोत पडून राहते, दुरुस्तीला जाते, चोरीलाही जाऊ शकते. म्हणून किल्ली मशीनच्या मेमरीत न ठेवता सॅममध्ये ठेवायची पद्धत रुजली. सॅम किल्ली वापरते, बाहेर देत नाही.

डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत संशोधकांनी मायफेअर क्लासिकची गुप्त पद्धत, क्रिप्टो-१, चिप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून उलगडल्याचे दाखवले. तिची किल्ली अवघी ४८ बिटांची. पुढे नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठाने हल्ल्याचा सविस्तर निबंध तयार केला. उत्पादक एनएक्सपीने तो रोखण्यासाठी कोर्टात धाव घेतली, पण जुलै २००८ मध्ये कोर्टाने मनाई नाकारली. योग्यच केले. लंडनचे ऑयस्टर नंतर मायफेअर क्लासिक सोडून डेसफायर या अधिक सुरक्षित कार्डांकडे वळले. सगळ्या कार्डांना एकच किल्ली असेल तर एक कार्ड फुटले की सगळी व्यवस्था उघडी पडते. प्रत्येक कार्डाची किल्ली त्याच्या क्रमांकावरून वेगळी काढलेली असेल, तर नुकसान त्या एका कार्डापुरते राहते. ती वेगळी किल्ली काढणारी मास्टर किल्ली सॅममध्ये असते, म्हणून सॅम तयार करण्याच्या कामाला एवढे महत्त्व.

हे काम बंद खोलीत होते. मास्टर किल्लीचे दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे, सीलबंद पाकिटात. प्रत्येक जण आपला तुकडा स्वतः टाइप करतो, दुसऱ्याला पाहू देत नाही. प्रत्येक वेळी पडद्यावर येणारी छोटी चेक व्हॅल्यू कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहतात. एक अक्षर चुकले तरी ती जुळत नाही. मग किल्ली सॅममध्ये उतरते, सॅम लॉक होते, आणि कोणत्या क्रमांकाची सॅम कोणत्या मशीनमध्ये गेली याची नोंद होते. चाचणीच्या किल्ल्या आणि खऱ्या किल्ल्या कधीच एकत्र ठेवायच्या नसतात. घाई असली की पहिली तडजोड नेमकी इथेच होते.

भारतात ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्ड आले. त्यातल्या ऑफलाइन पैशांची मर्यादा २,००० रुपये. पैशांची बाजू बँका आणि रुपे सांभाळतात. पण उद्या टीएमटीला मासिक पास याच कार्डाच्या सेवा-विभागात, म्हणजे परिवहन सेवेसाठी राखलेल्या जागेत, ठेवायचा झाला, तर त्या पासच्या किल्ल्या बँकेच्या नसतील. त्या यंत्रे पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे राहता कामा नयेत, असे मला ठामपणे वाटते. कंत्राट संपल्यावर दुसरा पुरवठादार आणायचा, तर मास्टर किल्ली परिवहन उपक्रमाच्याच ताब्यात असायला हवी. ही अट निविदेतच लिहावी लागते, कारण जुन्या सॅममधून किल्ली नंतर काढता येत नाही.