ऑर्किडच्या कुंडीतली चिलटं

पाणी घालायला ऑर्किडची कुंडी जरा सरकवली की बुडातून चार-दोन काळपट चिलटं उडतात, थोडं भिरभिरतात आणि पुन्हा काठावर बसून तुरुतुरु चालू लागतात. केळ्यांच्या घडाभोवती घोंगावतात ती चिलटं वेगळी. ही जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, लांब पायांची, डासाच्या बांध्याची. भिंगातून पंख पाहिला तर एक शीर वाय अक्षरासारखी दुभंगलेली दिसते. ही सायरिड कुळातली माशी. कुंड्यांत सापडतात त्या बहुतेक ब्रॅडिसिया प्रजातीतल्या. घरी कुटारावर धिंगरी अळिंबी लावणाऱ्यांना हिची ओळख करून द्यायला नको. बेडमध्ये शिरली की बुरशीचं पांढरं जाळं खाऊन ती पीक बसवते.

बुरशी हेच तिच्या अळीचं मुख्य खाणं. माशी स्वतः चावत नाही, पानांना तोंड लावत नाही आणि जगते ती आठवडा-दहा दिवस. तेवढ्यात मादी ओल्या, कुजत्या जागी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते, दोनेक आठवडे खाते, कोषात जाते आणि पुन्हा माशी होते. आपल्याकडच्या उबेत हे सगळं साधारण तीन आठवड्यांत उरकतं. म्हणजे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त कुंडीच्या आत असतात, आणि उडत्या माश्यांवर फवारा मारून आतल्यांना काहीच होत नाही.

आत किती आहेत ते पाहायला बटाटा पुरतो. अर्ध्या इंचाची चकती कापून कुंडीतल्या ओल्या भागावर दाबून ठेवायची आणि दोन दिवसांनी उलटायची. अळी असेल तर चकतीच्या खालच्या अंगाला दिसेल: पाच मिलिमीटरपर्यंत लांब, काचेसारखं पारदर्शक अंग, त्यातून दिसणारी खाल्लेल्या अन्नाची काळसर रेघ, आणि टोकाला काळं चकचकीत डोकं. त्या डोक्यावरून ती हमखास ओळखू येते.

मोठ्या, धडधाकट झाडाला थोड्या अळ्यांनी फार बिघडत नाही. धोका असतो तो रोपांना आणि आधीच मुळं सडलेल्या झाडांना. बुरशी कमी पडली की अळ्या मुळांची कोवळी टोकं कुरतडतात, आणि त्या जखमांतून पिथियम, फ्युझेरियमसारखे मूळकुजीचे रोग आत शिरतात.

आता मुख्य प्रश्न: विदर्भासारख्या ज्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे ओलीवर जगणारी ही माशी टिकते कशी? माझं उत्तर असं की आपणच तिला टिकवतो. ऊन पाहून जीव कळवळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की कुंडी कूलरजवळ, म्हणजे चोवीस तास गारवा आणि ओल. त्यात कुणी मायेनं काळी माती आणि शेणखत भरलेलं असतं. मग लागतो पावसाळा, आणि कुंडी चार महिने वाळतच नाही.

मेळघाटच्या किंवा गडचिरोलीच्या जंगलात आंब्या-मोहाच्या खोडावर वांदा ऑर्किड पाहिलं असेल तर हे झाड काय मागतं ते कळतं. मुळं सालीला चिकटलेली किंवा उघडी लोंबणारी, माती नावालाही नाही. अनेक लोक त्याला बांडगूळ समजतात; पण बांडगूळ यजमान झाडातला रस ओढतं, ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं. त्याच्या मुळांवर मृत पेशींचं पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. पाऊस पडला की ते पाणी झटकन शोषतं आणि मूळ हिरवं दिसू लागतं. वाळलं की पुन्हा चंदेरी. दोन पावसांच्या मधल्या या वाळण्यात मुळांना हवा मिळते. बाजारातली फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम घराण्यानं अशीच झाडावर राहणारी. तेव्हा मुळं चंदेरी झाली की पाणी द्या, हिरवी दिसत असतील तर थांबा. कूलरची दमट हवा पानांना चांगलीच; फक्त झोताच्या तोंडाशी कुंडी नको.

कुंडीतला माल दोन-तीन वर्षं जुना असेल तर केवळ पाणी कमी करून भागत नाही. झाडसालीचे तुकडे, नारळाची सोडणं, मॉस कुजून भुगा होतो, आणि तो भुगाच ओल आणि बुरशी धरून ठेवतो. झाड काढा आणि मुळं बोटांनी चिमटून बघा. चांगलं मूळ टणक लागतं. सडलेल्याचं आवरण हातात निघून येतं आणि मागे नुसता दोरा उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, जुना माल सगळा फेका. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि साल किंवा सोडणं घेऊन, बाजूला भोकं असलेल्या मातीच्या कुंडीत झाड बसवा, मग तीन-चार दिवस पाणी देऊ नका.

तरीही अळ्या राहिल्या तर बीटी. विदर्भात बीटी म्हटलं की कपाशी आठवते, आणि नातं खरंच आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं एक जनुक घालून बनवलेल्या कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्या जनुकाचं विष बोंडअळ्यांवर चालतं, माश्यांच्या अळ्यांवर नाही. माश्या आणि डासांसाठी त्याच जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा उपप्रकार लागतो. तो १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात, डासांच्या अळ्या मरत होत्या अशा एका डबक्यात सापडला. म्हणून कृषी केंद्रातून बीटीची बाटली आणताना नाव पूर्ण वाचा. कुर्स्टाकी हा पतंगांच्या अळ्यांवरचा उपप्रकार; तो लिहिलेली बाटली इथे कामाची नाही.

इस्रायलेन्सिसचे स्फटिक अळीनं गिळले की तिच्या आतड्यात विरघळतात, विष आतड्याच्या पेशींना भोकं पाडतं आणि अळी एक-दोन दिवसांत मरते. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला सरावली, मग हेही तसंच होईल का? इस्रायलेन्सिसमध्ये अनेक विषं एकत्र असतात आणि त्यातलं सायट नावाचं विष प्रतिकार सहजी तयार होऊ देत नाही. अंडी आणि कोष मात्र त्यातून वाचतात, म्हणून लेबलावरचं प्रमाण पाण्यात मिसळून दर आठवड्याला, असं तीन-चार आठवडे द्यावं लागतं.

ते मिळालं नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क आहेच. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळायची आणि ते पाणी कुंडीत ओतायचं. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. निंबोळी पेंड मात्र ऑर्किडच्या कुंडीत टाकू नका. ओलीत तिच्यावरच बुरशी येते.

कपाशीत पांढऱ्या माशीसाठी लावतो तो पिवळा चिकट सापळा कुंडीच्या उंचीवर आडवा ठेवला तर अंडी घालू पाहणाऱ्या माद्या अडकतात. तो एकटा पुरत नाही, पण संख्या घटते आहे का ते त्यावरून कळतं.

शेतातून उरलेलं कीटकनाशक मात्र घरातल्या कुंडीवर कधीही मारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, आणि ते तर उघड्या रानात फवारत होते. जिथे लेकरं झोपतात त्या खोलीत चिलटांपायी ते विष आणण्याचं काहीच कारण नाही.

महिनाभर हे सगळं करूनही सापळ्यावर माश्या येतच राहिल्या, तर ऑर्किड सोडून आसपास बघा. शेजारची मनीप्लांटची कुंडी, रोपांचा ट्रे, गांडूळखताचं उघडं पोतं: बटाट्याची चकती तिथेही ठेवून पाहा.