पेनीला आठ पृष्ठे: वाटमाऱ्याचा नायक कसा झाला

डिक टर्पिनला ७ एप्रिल १७३९ रोजी यॉर्कमध्ये फाशी दिले, ते घोडे चोरल्याबद्दल. हा एसेक्सचा खाटीक. त्याची टोळी आधी हरणांची चोरटी शिकार करी, पुढे घरे लुटू लागली. १७३५ मध्ये लॉटन गावात पैसे कुठे दडवलेत हे काढून घेण्यासाठी तिने एका वृद्ध विधवेला विस्तवावर धरण्याची धमकी दिली. पकडला गेला तेव्हा टर्पिन जॉन पामर या नावाने राहत होता. तुरुंगातून धाडलेले त्याचे पत्र मेव्हण्याने टपालखर्च नको म्हणून घेतलेच नाही, आणि टर्पिनला लिहायला शिकवणाऱ्या माणसाने पाकिटावरचे अक्षर ओळखले. या हकिकतीत रुबाबदार असे काही नाही.

रुबाब आला १८३४ मध्ये. विल्यम हॅरिसन एन्सवर्थच्या ‘रूकवुड’ कादंबरीत टर्पिन ब्लॅक बेस या काळ्या घोडीवरून एका दौडीत लंडनहून यॉर्क गाठतो. अशा दौडीची दंतकथा आधी नेव्हिसन या सतराव्या शतकातल्या लुटारूबद्दल सांगत.

पण ही कादंबरी महाग होती. डिकन्सच्या मासिक हप्त्यालाही एक शिलिंग, म्हणजे १२ पेनी पडत आणि मिळत ३२ पृष्ठे. एडवर्ड लॉइड या प्रकाशकाने १८३६ पासून वाटमाऱ्यांची चरित्रे साप्ताहिक हप्त्यांत काढली. एका पेनीला आठ पृष्ठे, दोन स्तंभांत बारीक टाइप, वर लाकडी ठशाचे एक चित्र. शिलिंगभरात ९६ पृष्ठे! आठवे पृष्ठ भरले की मजकूर तुटे, वाक्य अर्धे राहिले तरी. ‘क्रमशः’ लिहायलाही जागा ठेवत नसत. ज्यांना वाचता येत नसे ते दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेत.

वाटमाऱ्या या साच्यात इतका चपखल का बसला? खुनाचे रहस्य उकलले की संपते. रस्ता मात्र संपत नाही: नवी बग्गी, नवी खानावळ, नवा पाठलाग, हव्या तितक्या वेळा. एडवर्ड व्हाइल्सच्या नावावर असलेली टर्पिनची कथा ‘ब्लॅक बेस’ १८६० च्या दशकात २५४ हप्ते चालली. दोन हजारांवर पृष्ठे, एकूण किंमत २१ शिलिंग २ पेनी. एकरकमी एवढे पैसे त्या वाचकाने कधीच दिले नसते. हप्ते खपत होते तोवर टर्पिनला फासावर चढवून चालणार नव्हते.

अशा कथांनी वाचक बिघडतील ही भीतीही याच काळातली. १८४० मध्ये मालकाचा गळा चिरणाऱ्या कुर्वाझिए या नोकराने जॅक शेपर्ड या चोराच्या कथेवरून ही कल्पना सुचल्याचे सांगितले, असे छापून आले. त्यानंतर शेपर्डचे नाव असलेल्या नाटकांना लंडनमध्ये अनेक वर्षे परवाना मिळेना. पुढे वाचक वयाने लहान होत गेला तशी ‘पेनी ड्रेडफुल’ (पेनीभर किमतीचे भयंकर वाचन) ही शिवी रूढ झाली.

कागद हलका, हातोहात फिरून फाटणारा. म्हणून सुटे हप्ते दुर्मीळ आहेत. बांधीव खंडांतही पुष्कळदा तारीख सापडत नाही. बॅरी ओनो यांनी आयुष्यभर जमवलेला मोठा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.