मिशनसाठी प्रार्थना करणारा गट आणि पाचारण पारखणारा गट

दोन्ही गट कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतच भरतात. सतरंजी तीच, पवित्र शास्त्र तेच, शेवटचा चहाही तोच. म्हणून मंडळीत दोन्हींना एकच नाव पडतं, ‘मिशनचा ग्रुप’. मग एखादी पंचविशीतली नर्स जेव्हा म्हणते, “मेळघाटात कोरकू लोकांमध्ये जाऊन सेवा करावी असं देव माझ्या मनात घालतोय,” तेव्हा तिला आपसूक त्या खोलीत बसवलं जातं, जिथे दर शुक्रवारी मिशनसाठी प्रार्थना होते. इथे चूक होते. ती प्रेमापोटी होते, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

प्रार्थना गट वर्षानुवर्षं मत्तय ९:३८ धरून मागत असतो की पिकाच्या धन्याने कापणीसाठी कामकरी पाठवावेत. अशा गटासमोर कुणी उभं राहिलं की ती व्यक्ती त्यांना आपल्या प्रार्थनेचं उत्तरच वाटते, आणि प्रार्थनेच्या उत्तराची उलटतपासणी कोण करणार? डोळ्यांत पाणी येतं, डोक्यावर हात ठेवले जातात, पुढच्या रविवारी उपासनेत घोषणा होते. तिच्या मनात ज्या चार शंका होत्या, त्या बोलून दाखवायला जागाच उरत नाही. घोषणा झाल्यावर मागे फिरणं म्हणजे देवाला नाही म्हणणं, असं तिला वाटू लागतं.

पारख गटाचं काम वेगळं आहे. त्याच्या मध्यभागी देश, जमात किंवा गरज नसते. असते एक व्यक्ती आणि तिचा एक प्रश्न: हे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, माझं आहे का? या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येऊ शकतं, ‘नाही’ येऊ शकतं, ‘अजून नाही’ येऊ शकतं. तिन्ही उत्तरं गटाला सारखीच चालणार असतील, तरच तो पारख गट.

शास्त्रात दोन्ही गोष्टी आहेत. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये अंत्युखियाच्या पाच जणांची नावं दिली आहेत: बर्णबा, शिमोन, लूक्य, मनाएन आणि शौल, म्हणजेच पुढचा पौल. पाचही जण उपास आणि सेवा करत होते. वेगळे काढले गेले ते बर्णबा आणि शौल, दोघंच. उरलेल्या तिघांनी प्रार्थना केली, हात ठेवले आणि त्यांना रवाना केलं. पुढे १६ व्या अध्यायात पौलाला आसिया प्रांतात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियात शिरू दिलं जात नाही, आणि मग त्रोवसमध्ये रात्री मासेदोनियाचा माणूस दिसतो. दृष्टान्त पौलाला एकट्याला झाला. पण १० व्या वचनात देवाने बोलावलं आहे असं ओळखणारे ‘आम्ही’ आहेत. या एका अनेकवचनात पारख गटाचं सगळं काम आलं.

मराठी ख्रिस्ती माणसाला जवळचं उदाहरण १८०६ सालचं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला आशियासाठी प्रार्थना केली. तिथून पेटलेल्या तळमळीतून १८१० साली मिशनरी पाठवणारी संस्था, अमेरिकन बोर्ड, उभी राहिली. त्या बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. पण गंजीखालच्या त्या पाच जणांचं काय झालं? मिशनरी म्हणून आशियात गेले ते एकटे जेम्स रिचर्ड्स, तेही सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत. सॅम्युअल मिल्स, ज्यांची ओढ सगळ्यांत मोठी, ते आशियात कधीच पोचले नाहीत. बायरम ग्रीन पुढे अमेरिकेच्या संसदेत गेले. प्रार्थना पाचांची एक होती, वाटा पाच निघाल्या. एकत्र प्रार्थना केली म्हणजे सगळ्यांना एकच पाचारण, हे तिथेही खरं ठरलं नाही.

आता रचना. प्रार्थना गटाचं दार उघडं असतं. दहा-बारा जण, आठवड्याला किंवा महिन्याला तासभर, आणि त्याला शेवटची तारीख नसते. पारख गटाचं दार बंद असतं. पाच किंवा सहा माणसं, महिन्यातून एक-दोन बैठका, प्रत्येक दोन तासांची, एकूण सहा ते आठ, आणि शेवटची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली. माणसं निवडताना निदान एक जण दुसऱ्या भाषेच्या मुलखात राहून आलेला हवा, एक जण असा हवा ज्याला ती व्यक्ती मंडळीबाहेर, कामाच्या ठिकाणी माहीत आहे. आईवडील, होणारा नवरा किंवा बायको आणि पाठवणाऱ्या संस्थेचा माणूस यांना गटात घेऊ नये. त्यांचं म्हणणं जरूर ऐकावं, पण उत्तरात त्यांचं काहीतरी गुंतलेलं असतं. पाळकसाहेबांबद्दलही तेच सांगावं लागतं. ते बसले की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतात. त्यांना शेवटच्या बैठकीला बोलवावं.

पहिल्या बैठकीच्या दोन आठवडे आधी त्या व्यक्तीने तीन-चार पानं लिहून सगळ्यांना द्यायची: ही ओढ कधीपासून, कशामुळे वाढली, कशामुळे ओसरली, कर्ज किती, घरी कोण अवलंबून, तब्येत कशी. लिहिताना निम्म्या गोष्टी तिच्या तिलाच दिसतात. बैठकीत आधी दहा मिनिटं शांतता, मग वचन, मग वीस मिनिटं ती बोलणार, आणि पुढचा तासभर फक्त प्रश्न. सल्ला नाही, आपली साक्ष नाही, ‘माझ्या भाच्याचंही असंच झालं’ नाही. ही शिस्त क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या रीतीशी जुळते. त्यांनी सतराव्या शतकात विवाहाची पारख करण्यासाठी अशी छोटी समिती नेमायला सुरुवात केली, आणि पुढे इतर मोठ्या निर्णयांसाठीही ती वापरली.

प्रश्न कसा असावा, हे शिकायलाच दोन बैठका जातात. “तू आधी बायबल कॉलेज करावंस असं तुला नाही वाटत का?” हा प्रश्न नव्हे, प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे. “एकटीने राहायची भीती नाही ना वाटत?” यात उत्तर आधीच भरलेलं आहे. याउलट हे बघा: “मेळघाटातून परत आल्यावर पहिल्या आठवड्यात तुला कशाची आठवण येत होती?” किंवा “हे आईला सांगितलंस तेव्हा ती काय म्हणाली, आणि तू गप्प का राहिलीस?” कसोटी सोपी आहे. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसावं, आणि एका प्रश्नानंतर दुसरा यायच्या आधी दोन-तीन श्वासांची जागा असावी.

सगळ्यांत अवघड जाते ती शांतता. आपल्या मंडळ्यांत मोठ्याने, एकत्र प्रार्थना करायची सवय. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी कोरस धरतं. निमंत्रकाने घड्याळ समोर ठेवावं आणि प्रेमाने थांबवावं. खरी गोष्ट बहुतेक वेळा सातव्या-आठव्या मिनिटानंतर वर येते.

चौथ्या बैठकीनंतर गट थांबतो आणि ती व्यक्ती तीन आठवडे त्या मुलखात जाऊन राहते, पाहुणी म्हणून नव्हे, तिथल्या एखाद्या घरी किंवा दवाखान्यात हाताखाली काम करत. जायच्या आधी भाषेची सुरुवात करावी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, गोंडी द्राविडी. मराठी आणि हिंदीच्या जोरावर दोन्हींत काही कळत नाही, मग ती आपल्याच राज्यात का बोलली जाईना. रोज पाऊण तास, तीन महिने, बोलणाऱ्या माणसाजवळ बसून. इथे भाषा किती आली हे बघायचं नाही. रोज चुकायची आणि लहान मुलासारखं हसून घ्यायची तयारी टिकते का, ते बघायचं. संमेलनात उभं राहताना जी ओढ होती, ती सहसा या तीन महिन्यांत एकतर विरते किंवा मुरते. विरली तरी तिच्या विश्वासात खोट निघाली असं नाही, हे गटाने तिला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

प्रार्थना गटाला यामुळे दुय्यम समजू नये. तमिळनाडूत १९५९ साली सुरू झालेल्या फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँड या मिशनरी संस्थेत आधी तरुणांचे प्रार्थना गट होते, मिशनरी पाठवणं नंतर आलं. मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन बायका १९१० पासून दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यातून मंडळीचं काम चालतं. गेलेला माणूस टिकतो तो अशा माणसांमुळे. त्यांच्या गटाची दुखणी निराळी: बातमीपत्र वाचण्यात चाळीस मिनिटं जातात आणि प्रार्थनेला पाच उरतात. मिशनऱ्याचं नाव, गाव, फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि तिथे त्याच्या शेजाऱ्यांना त्याचा त्रास होतो. पत्रातले दोनच मुद्दे निवडावेत आणि गाव काय, जिल्हाही न लिहिता ‘आपली बहीण’ एवढंच लिहावं.

पारख गटातली गोष्ट तर खोलीबाहेर जाताच कामा नये, प्रार्थना गटाकडेही नाही, ‘प्रार्थनेसाठी म्हणून’ देखील नाही. शेवटच्या बैठकीत निष्कर्षाचं एक पान त्या व्यक्तीने स्वतः लिहायचं. गटाने फक्त ते खरं वाटतं का, एवढं सांगायचं. उत्तर ‘अजून नाही’ असेल तर पुन्हा बघायचा महिना त्याच पानावर लिहावा. नाहीतर ‘अजून नाही’ची दहा वर्षं होतात. ‘हो’ असेल तर ते पान घेऊन ती वडीलमंडळाकडे आणि संस्थेकडे जाते. वैद्यकीय तपासणी, मुलाखत, निवड ही कामं त्यांची. मग सगळ्यांनी आपापली टिपणं तिच्या हाती द्यायची आणि गट तिथेच संपवायचा. त्यातल्या दोघा-तिघांनी पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या खोलीत जाऊन, आता तिचं नाव घेऊन, प्रार्थनेला बसावं.